मधपेटीसाठी पहिले हातमोजे घेताना

भाऊ, सगळ्यात जाड हातमोजे घेऊ नका. नवीन माणूस हमखास तिथंच चुकतो. जाड मोज्यात बोटांना काही कळत नाही, पेटीतली पोळ्याची चौकट (फ्रेम) उचलताना माशी चिरडते आणि तिच्या वासानं बाकीच्या चवताळतात. मोजा बोटाच्या टोकाशी रिकामा लोंबत असेल तरी तेच होतं.

शेळीच्या मऊ कातड्याचे, कोपरापर्यंत कापडी बाही आणि वर इलॅस्टिक असलेले घ्या. दुकानात घालून बघा, चिमटीत काडेपेटीची काडी धरता आली पाहिजे. लोकरीचे नकोत, त्यात माशीचे पाय अडकतात. रबरी मोजे आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घामानं नुसते निथळतात, म्हणून पेटी सकाळीच उघडा.

आणखी दोन गोष्टी:
- डंख लागलेले मोजे तसेच पुन्हा वापरू नका. डंखाचा वास राहतो, त्यावर माश्या परत तुटून पडतात. ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवा.
- मोज्यांच्या भरवशावर माश्या शांत करायला धूर द्यायचं टाळू नका.

कातड्यातूनही एखादा डंख लागतोच. नखानं लगेच खरवडून काढा. पण अंगभर गांधी उठल्या किंवा दम लागला तर थेट दवाखाना गाठा. सातेरीची, म्हणजे पेटीत पाळतात त्या शांत देशी माशीची पेटी असेल तर बिनधास्त सुरुवात करा, जमेल तुम्हाला.