गोदामासाठी इमर्जन्सी लाईट: वॅट नको, जमिनीवरचा लक्स विचारा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: चाकणला साठ हजार चौरस फुटांची पत्र्याची शेड, उंची ११ मीटर, मध्ये रॅक, एका टोकाला मेझनाइनवर (पोटमाळ्यावर) ऑफिस. फायर एनओसीसाठी इमर्जन्सी लाईट बसवायच्या आहेत. ठेकेदार म्हणतोय, सगळ्यात जास्त वॅटचे ट्विन स्पॉट (दोन फोकसचे बॅटरी दिवे) घ्या, लख्ख उजेड पडेल. ते घ्यावेत का?

भोसरी-चाकण पट्ट्यात कारखान्यांच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये माझी बावीस वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ठेकेदाराला वॅट विचारूच नका. लाईट गेल्यावर नव्वदाव्या मिनिटाला, बाहेर पडायच्या वाटेवर, जमिनीवर किती लक्स (म्हणजे जागेवर प्रत्यक्ष पडलेला उजेड) मिळेल ते विचारा आणि तेवढंच लिहून घ्या. बाकी सगळं त्यातून आपोआप ठरतं.

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ नुसार सुटकेच्या वाटेच्या मध्यरेषेवर, जमिनीलगत, किमान १० लक्स लागतो. नेहमीची लाईट गेल्यापासून ५ सेकंदांत इमर्जन्सी लाईट लागली पाहिजे आणि किमान दीड तास टिकली पाहिजे. इथेच पहिली फसगत होते. बाहेरच्या कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये 'दोन फिटिंगमधलं अंतर इतकं ठेवा' असे तक्ते असतात, ते बहुतेक युरोपच्या ईएन १८३८ या मानकाप्रमाणे १ लक्स धरून केलेले असतात. ते तक्ते जसेच्या तसे उचलले, तर तुमच्याकडे गरजेच्या दहाव्या भागाइतकाच उजेड पडेल. कोटेशनबरोबर डायलक्सचा (उजेडाचं गणित मांडणाऱ्या सॉफ्टवेअरचा) रिपोर्ट मागा आणि त्यात किती लक्स धरलाय ते स्वतः बघा. रॅक भरलेले धरून केलाय की मोकळी शेड धरून, हेही बघा. मोकळ्या शेडचा रिपोर्ट तुमच्या काही कामाचा नाही. माल चढला की प्रत्येक गल्ली म्हणजे दोन भिंतींमधली बोळ होते.

आता उंचीचं गणित. उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. फिटिंगच्या बरोबर खाली १० लक्स हवा असेल तर ३ मीटरवरून ९० कँडेला (एका दिशेला जाणाऱ्या उजेडाचं माप) पुरतात, ११ मीटरवरून १,२१० लागतात. साध्या, खालच्या बाजूला पसरट उजेड फेकणाऱ्या फिटिंगच्या भाषेत सांगायचं तर ३ मीटरवर जिथे सुमारे २८० ल्युमेनमध्ये (दिव्यातून निघणारा एकूण उजेड) भागतं, तिथे ११ मीटरवर ३,८०० च्या आसपास लागतात. तेही फक्त बरोबर खालच्या जागेसाठी, दोन फिटिंगच्या मधल्या जागेची गोष्ट वेगळीच. त्यामुळे ऑफिसात झकास वाटणारी फिटिंग शेडच्या पत्र्याखाली लावली की काजव्यासारखी दिसते.

'हायबेलाच (शेडच्या छताला लटकवलेल्या नेहमीच्या मोठ्या दिव्यालाच) बॅटरी किट जोडू' असंही कोणीतरी सुचवेल. चालतं, पण बॅटरीवर पूर्ण उजेड मिळत नाही हे लक्षात ठेवा. १५० वॅटच्या हायबेला २० वॅटचं किट म्हणजे साधारण सातवा-आठवा हिस्सा. खोक्यावर छापलेले ल्युमेन मेन्सवरचे असतात. बॅटरीवरचा आकडा वेगळा मागा.

माझा स्वतःचा सल्ला: गल्ल्यांसाठी फिटिंग पत्र्याला लटकवू नका. शेडच्या कॉलमवर किंवा गल्लीवरून नेलेल्या केबल ट्रेवर चार-पाच मीटरवर घ्या आणि गल्लीच्या लांबीकडे उजेड फेकणारी लेन्स घ्या. रॅकच्या टोकाला लावलेली फिटिंग फोर्कलिफ्ट कधी ना कधी उडवते. शिवाय वर लावलेली फिटिंग बदलायला दर वेळी सीझर लिफ्ट आणि रिकामी गल्ली लागते, मग ती बदलायची राहून जाते.

पत्र्याखाली बॅटरीही मरते. एप्रिल-मेमध्ये तिथे हात लावून बघा. साधी लेड-ॲसिड बॅटरी दर दहा अंश वाढीला जवळपास निम्मं आयुष्य गमावते. निकेल-कॅडमियम किंवा लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, पण डेटाशीटमध्ये चार्जिंगचं कमाल तापमान किती दिलंय ते तपासा. फिटिंग पन्नासच्या वर असतील तर एकाच खोलीत ठेवलेली सेंट्रल बॅटरी सिस्टीम विचारात घ्या. मात्र तिच्या केबल आगीत तग धरणाऱ्याच हव्यात, साध्या पीव्हीसी नकोत.

'आमच्याकडे डीजी (डिझेल जनरेटर) आहे' हे उत्तर मी फार ऐकलंय, म्हणून एक प्रसंग सांगतो. भोसरीच्या एका शेडमध्ये, जुलैत, रात्रपाळीला ट्रान्सफॉर्मर ट्रिप झाला. डीजी बारा-पंधरा सेकंदांत आला, पण शेडमध्ये जुने मेटल हॅलाइड दिवे होते. ते एकदा विझले की थंड होईपर्यंत पेटत नाहीत. सप्लाय येऊनही दहा मिनिटं अंधार. उजेड होता तो फक्त जिन्यासमोरच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लावलेल्या एका ट्विन स्पॉटचा, तोही सरळ तोंडावर. मेझनाइनवरून उतरणाऱ्या मुलाने डोळ्यांवर आडवा हात धरला होता. शेवटची पायरी त्याच्याच सावलीत गेली आणि तिथेच पॅलेट ट्रकचं हँडल आडवं पडलेलं. घोटा मोडला. तो लाईट लख्खच होता, अगदी तुमचा ठेकेदार म्हणतो तसा. झळाळी डोळ्यांत गेली की पायाखालचं दिसत नाही. संहितेत फिटिंग जमिनीपासून किमान २ मीटर उंच लावायला सांगितलंय. जिन्यात मी ती पायऱ्यांच्या दिशेने वळवलेली आणि दुधी कव्हरचीच लावतो, प्रत्येक वळणावर एक.

वायरिंगमधली एक चूक मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की ती वेगळी सांगायलाच हवी. इमर्जन्सी फिटिंगचा चार्जिंग सप्लाय त्याच भागातल्या लाईट सर्किटवरून, स्विचच्या आधी घ्यायचा. ठेकेदार सोयीसाठी जवळच्या पॉवर डीबीवरून (वितरण पेटीवरून) किंवा यूपीएसवरून घेतात. मग गल्लीतल्या लाईटचा एमसीबी पडला तर गल्लीत काळोख होतो, पण इमर्जन्सी फिटिंगला वाटतं की सप्लाय आहे, आणि ती लागतच नाही. पूर्ण मेन बंद करून केलेल्या टेस्टमध्ये ही चूक कधीच सापडत नाही. एकेक लाईट एमसीबी पाडून बघा.

सुटकेच्या वाटेव्यतिरिक्त पॅनेल रूम, डीजी रूम, फायर पंप रूम, एक्स्टिंग्विशर आणि कॉल पॉइंटच्या (आगीचा इशारा द्यायच्या बटणांच्या) जागा, स्वच्छतागृह आणि शेवटच्या दाराबाहेरची जागा विसरू नका. दाराबाहेर तीन पायऱ्या आणि गटार असेल तर आतला उजेड तिथे उपयोगाचा नाही. पेंट किंवा सॉल्व्हंटचा साठा असेल तर त्या भागात फक्त पेसोची (स्फोटक आणि ज्वलनशील पदार्थांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या संस्थेची) मान्यता असलेली फ्लेमप्रूफ फिटिंग, तिथे तडजोड नाही. इतरत्र धूळ असेल तर आयपी ६५ (धूळ आत न शिरणारी) फिटिंग पुरेशी.

पैसे देण्याआधीची टेस्ट अशी करा. रात्री, रॅक भरलेले असताना, बॅटऱ्या चोवीस तास चार्ज करून लाईट पाडा. घड्याळ लावा आणि लक्स मीटर जमिनीवर ठेवा. पाचव्या मिनिटाला आणि नव्वदाव्या मिनिटाला त्याच जागांवर रीडिंग घ्या, जागा खडूने खुणा करून ठेवा. मागच्या वर्षी एका नव्या कामात पाचव्या मिनिटाला १४ लक्स होता, चाळिसाव्या मिनिटाला ४ आणि तासाच्या आत सहा फिटिंग बंद. पाच मिनिटांत सह्या केल्या असत्या तर ते कळलंच नसतं. पुरवठादाराने नंतर सगळ्या बॅटऱ्या बदलून दिल्या, कारण ही अट पर्चेस ऑर्डरमध्ये लिहिलेली होती.

त्यानंतर दर महिन्याला अर्धा मिनिट, वर्षातून एकदा पूर्ण दीड तास, आणि रजिस्टरमध्ये नोंद. महाराष्ट्रात अग्निसुरक्षेचं फॉर्म बी प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं, त्याच्या आधीच्या आठवड्यात ही टेस्ट घेतली की सोयीचं पडतं.

गल्लीची रुंदी, रॅकची उंची आणि दारांच्या जागा दाखवणारा साधा नकाशा इथे टाका. फिटिंग कुठे कुठे घ्याव्या लागतील ते मी त्यावर खुणा करून देतो. तोपर्यंत ऑर्डर देऊ नका.