हरण्याची शक्यता दिसत असताना अपक्ष उमेदवाराच्या प्रचारात काम करावे का?

आपल्या परिचयातील एक बाई जिल्हा परिषदेला अपक्ष उभ्या राहणार आहेत, त्या निवडून येतील असे कोणालाच वाटत नाही, आणि तरीही त्यांच्यासाठी काम करावे का, त्यातून हाती काय लागते, असे आपण विचारले आहे. माझ्या मते अवश्य करावे. गावात मते कशी ठरतात हे पराभूत बाजूला बसून जितके स्वच्छ दिसते, तितके जिंकणाऱ्या बाजूने दिसत नाही. जिंकलेल्यांना आपला भोंगा, आपली पदयात्रा, आपले भाषण असे सगळेच लागू पडले असे वाटत राहते. हरलेल्यांना मात्र प्रत्येक मतदान केंद्राचा आकडा समोर ठेवून विचार करावा लागतो.

मी फेब्रुवारी २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या एका गटात, म्हणजे मतदारसंघात, अशा उमेदवाराचे काम केले. गट महिलांसाठी राखीव होता. उमेदवार बचत गटांचे काम करणाऱ्या पन्नाशीच्या बाई होत्या आणि आम्ही सगळे त्यांना काकू म्हणत असू. नोटाबंदीला तीन महिने होऊन गेले होते, तरी बचत खात्यातून आठवड्याला २४,००० रुपयांपेक्षा जास्त काढता येत नव्हते. (इतर काही उमेदवारांना ही मर्यादा लागू असल्याचे आम्हाला शेवटच्या रात्रीपर्यंत जाणवले नाही.) तूर निघाली होती. बोनस धरून हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये होता, व्यापारी त्यापेक्षा कमीच देत होते, आणि खरेदी केंद्रावर गेले की बारदाना नाही असे ऐकावे लागे. काकू प्रत्येक बैठकीत हाच विषय मांडत आणि लोक मनापासून ऐकत. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सगळ्यांसमोर सांगितले, “बाई बोलते ते खरंच हाय, पण तुरीचा भाव काय झेडपीतून ठरते?” त्या प्रश्नाला उत्तर नव्हते, आणि काकूंनीही ओढूनताणून दिले नाही. जिल्हा परिषदेच्या सदस्याकडून काय मिळू शकते हे मतदाराला पक्के ठाऊक असते: गावाला जोडणारा रस्ता, शाळेची खोली, सिंचन विहिरीच्या किंवा घरकुलाच्या यादीत नाव, पंचायत समितीत अडकलेली फाईल. त्यासाठी सत्तेत ओळख असलेला माणूस लागतो. अपक्ष उमेदवार चांगला आहे हे मान्य करूनही त्याला मत न देण्यात मतदाराला विसंगती वाटत नाही, आणि ती खरोखर नसतेही.

याहून मोठी अडचण निवडणुकीच्या रचनेतच आहे, आणि बाहेरच्या माणसाच्या ती सहसा लक्षात येत नाही. जिल्हा परिषदेच्या एका गटात पंचायत समितीचे दोन गण, म्हणजे तिचे दोन मतदारसंघ, असतात आणि प्रत्येक मतदार दोन मते देतो, एक गटासाठी आणि एक आपल्या गणासाठी. त्यामुळे पक्ष एक नव्हे तर तीन उमेदवार जुळवतो. गटाचा उमेदवार एका मोठ्या गावचा, एका गणाचा दुसऱ्या समाजाचा, तर दुसऱ्या गणाचा तांड्यावरचा, अशी मांडणी केली की तिघे एकमेकांसाठी मते मागतात आणि तीन ठिकाणची भावकी एका चिन्हाखाली येते. आमच्याकडे गटाला काकू होत्या, पण दोन्ही गणांत आमचे कोणीच नव्हते. ज्या घरी आम्ही जात असू तेथे गणाच्या उमेदवाराचा पुतण्या किंवा साडू आधीच बसलेला असे, आणि तो “दोन्ही बटणं सारखीच दाबा, म्हणजे गोंधळ होत नाही” एवढेच सांगे. त्यात अपक्षाला चिन्ह मिळते ते अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर. आमच्या कपबशीला मतदारांच्या डोळ्यांपुढे आणण्यासाठी जेमतेम आठवडाभर मिळाला, तर समोरची चिन्हे लोक लहानपणापासून भिंतींवर पाहत आले होते. आपल्या बाईंना दोन गणांत दोन विश्वासू उमेदवार मिळवता आले तर चित्र बदलू शकते. मिळत नसतील, तर निकाल काय लागणार याची कल्पना असू द्यावी.

गावात कोणी तोंडावर नकार देत नाही. चहा होतो, कुंकू लावले जाते, “आमचं मत तुमालेच” असे म्हटले जाते, आणि त्यामागे ढोंग असतेच असे नाही. दारी आलेल्या बाईचा मान राखला जातो, मत मात्र घरातल्या कर्त्याच्या, भावकीच्या किंवा तांड्यावर नाईक-कारभाऱ्यांच्या बैठकीत ठरते. म्हणून होकार मोजत बसू नये. आपल्यासोबत दिवसाढवळ्या गावातून कोण फिरते आणि पानठेल्यावर आपले चिन्ह खिशाला लावून कोण उभे राहते, हे पाहावे. आमच्याकडे रात्री घरी येऊन सल्ला देणारे पुष्कळ होते, सकाळी सोबत चालणाऱ्यांत मात्र बहुतेक बचत गटांतल्या बायाच होत्या, आणि त्याही हरभऱ्याची सोंगणी सुरू झाल्यावर कमी झाल्या. आपण हरतो आहोत हे आम्हाला तेव्हाच कळले होते.

काकूंनाही ते कळले होते. त्यांनी सभा कमी केल्या आणि आम्हाला मतदार यादीला बसवले. या कामाकडे नवे कार्यकर्ते दुर्लक्ष करतात, कारण त्याचा फोटो निघत नाही. स्थानिक निवडणुकीसाठी यादी नव्याने तयार होत नाही. विधानसभेचीच यादी गट-गणांप्रमाणे फोडली जाते, त्यामुळे विधानसभेच्या यादीत वेळेत नाव नसलेल्या माणसाला प्रचाराच्या दिवसांत काही करता येत नाही. आमच्या यादीत वारलेली माणसे होती, लग्न होऊन गेलेल्या मुली होत्या, ऊसतोडीला आणि पुण्याला गेलेली अख्खी घरे होती, तर नव्याने नांदायला आलेल्या सुना नव्हत्या. आपल्याकडे अजून वेळ असेल तर आजच यादी घेऊन घरोघरी जावे आणि विशेषतः सुनांची नावे नोंदवून घ्यावीत. मला या कामातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

मतदान १६ फेब्रुवारीला झाले आणि मोजणी २३ तारखेला होती. मधल्या आठवड्यात यंत्रे तालुक्याला कुलपात आणि गावात फक्त अंदाज. तो काळ प्रचारापेक्षा जड जातो, एवढेच सांगतो.

मोजणीच्या दिवशीचा अनुभव मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण त्याची पूर्वकल्पना कोणी देत नाही. मतदान गुप्त असले तरी यंत्रे केंद्रनिहाय मोजली जातात आणि उमेदवारांचे प्रतिनिधी प्रत्येक केंद्राचे आकडे लिहून घेतात. गाव लहान असले की एक केंद्र म्हणजे दोन-तीन मोहल्ले. त्यामुळे कोणाच्या घरची मते कोठे गेली याचा हिशेब त्याच संध्याकाळी पारावर सुरू होतो. माझ्या गावच्या केंद्रावर काकूंना मिळालेली मते आमच्या भावकीच्या संख्येपेक्षा कमी होती. कोण फिरले हे काढायचे ठरवले असते तर एका रात्रीत निघाले असते, आणि आमच्यातल्या काहींना ते काढायचेही होते. काकूंनी तो आकड्यांचा कागद मागून घेतला आणि परत दिला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच घरांत बचत गटाची बैठक होती आणि ती झाली. एका दुसऱ्या गावात हरलेल्या बाजूच्या लोकांनी नावे काढली होती, आणि तेथे लग्नाच्या पंगती वेगळ्या झाल्याचे मी पाहिले आहे. आपण प्रतिनिधी म्हणून बसणार असाल, तर त्या कागदाचे काय करायचे हे मोजणीच्या आधीच उमेदवाराशी बोलून घ्यावे.

“पुढच्या वेळी पाहू” हे वाक्य आपल्याला पुष्कळ ऐकावे लागेल. आरक्षणाची सोडत निघते आणि तोच गट त्याच उमेदवारासाठी खुला राहील असे नसते. शिवाय २०१७ मध्ये निवडून आलेल्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर निवडणूक न होता प्रशासक बसले, त्यामुळे पुढची वेळ पाच वर्षांनी येईल हेही गृहीत धरता आले नाही. काकू पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. त्यांच्यासोबत यादीवर बसलेल्या दोघी पुढे ग्रामपंचायतीत निवडून आल्या. तेथे पक्षाचे चिन्ह नसते, पॅनल असते, आणि यादी त्यांना पाठ होती.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. खर्चाचा हिशेब निकालानंतर ३० दिवसांत हरलेल्या उमेदवारालाही द्यावा लागतो, आणि तो दिला नाही तर पुढे अपात्र ठरण्याची वेळ येऊ शकते. ऑटोवाला, मंडपवाला, बॅनर छापणारा यांच्या पावत्या रोजच्या रोज घेऊन ठेवाव्यात. निकाल लागल्यावर हरलेल्याच्या पावतीसाठी कोणाला वेळ नसतो, आणि आमच्या मंडपवाल्याने तर दुसऱ्याच दिवसापासून विजयी उमेदवाराच्या सत्काराचे काम घेतले होते.