ट्रॅक्टरच्या लोडर बकेटला टूथबार (बकेटच्या पुढच्या धारेवर बसणारा दात्यांचा बार) कोणता घ्यावा? वेल्ड करावा की बोल्टने बसवावा?

बोल्टने. हे वाचून आमच्या काकांचा फोन येईल, येऊ दे.

पहिल्या बकेटला त्यांनीच सुटे दाते थेट धारेच्या पट्टीवर वेल्ड केले. म्हणे, "बोल्ट आज आहेत, उद्या नाहीत." पट्टी कडक पोलादाची, ती आधी तापवली नाही, रॉड हाताला लागली ती. वेल्ड दिसायला मात्र झकास. दुसऱ्याच आठवड्यात मुळांनी भरलेल्या चिकणमातीत बकेट घातली आणि टण्‌कन आवाज आला. उतरून बघतो तर वेल्ड शाबूत, पण त्याच्या काठाला लागून पट्टीलाच केसाएवढा तडा. संध्याकाळपर्यंत तो दाता पट्टीचा लचका घेऊन मातीत राहिला. काका म्हणाले, ड्रायव्हरने जोर जास्त दिला. ड्रायव्हर मी होतो.

मग बोल्टचा बार आणला आणि त्यात मी माती खाल्ली. माप बाहेरून घेतलं. बार बसतो बाजूच्या दोन पत्र्यांच्या आत, तेव्हा माप आतलं हवं, तेही खाली धारेजवळ. जुन्या बकेटचे पत्रे वर फाकलेले असतात, वरचं माप फसवतं.

बसवताना बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा. बारच्या खाचा धारेवर चढवा आणि लाकडी ठोकळा धरून घणाने मागे ठोका, धार खाचेच्या तळाला भिडेपर्यंत. मगच क्लॅम्प लावून बारच्या भोकातून पत्र्यावर खूण करा. घाईने आधीच भोक पाडलं तर मध्ये फट राहते आणि सगळा धक्का त्या दोन बोल्टांवर येतो. जोर धारेने सोसायचा, बोल्टने बार निसटू द्यायचा नाही, एवढंच. काकांना सात वर्षं हेच सांगतोय. ड्रिल आधी बारीक, मग जाड, फेरे कमी, तेल सोडत. पहिल्या दिवसाच्या कामानंतर नट पुन्हा आवळा.

निवडीचं म्हणाल, तर दाते पिन काढून बदलता येणारेच घ्या. कडेचे दाते बाजूच्या पत्र्याच्या पुढे यायला हवेत, नाहीतर पत्र्याची बोथट कड मातीत अडते.

आणि हो, दात्यांनी जमीन सपाट होत नाही, चरे पडतात. त्या कामाला बार उतरवावाच लागतो, तिथे वेल्डवाले काय करतात देव जाणे. दाते खाली रोवून रेटारेटीही नको. लोडर म्हणजे खोदाईचं यंत्र नव्हे, सिलिंडरचा दांडा वाकतो.

तसं पट्टी नीट तापवून, लो हायड्रोजन रॉडने (हिने तडा जायची भीती कमी), जाणत्या हाताने केलेलं वेल्ड टिकतं. मोठ्या खोदाई यंत्रांचे अडॅप्टर, म्हणजे दाते ज्यावर बसतात ते तुकडे, बऱ्याचदा वेल्डच केलेले असतात. पण हे काकांच्या कानावर जाता कामा नये.