टोकियोच्या बागा : कोणत्या पाहाव्यात, कशा पाहाव्यात

प्रश्न : नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही तीन दिवस टोकियोत असणार आहोत. सोबत सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आहेत. बागांची यादी वाचूनच गोंधळ उडाला आहे. त्यांतल्या कोणत्या निवडाव्यात? विनामूल्य उद्याने इतकी असताना तिकीट काढून जुन्या बागा पाहण्यात काही विशेष आहे का?

उत्तर : निश्चितच आहे. तोकुगावा राजवटीने १६३५ मध्ये दाइम्यो म्हणजे प्रांतोप्रांतीच्या सरदारांवर एक वर्षाआड एदो येथे, म्हणजे आजच्या टोकियोत, राहण्याचे बंधन घातले. त्यामुळे शहरात त्यांचे मोठमोठे वाडे उभे राहिले आणि वाड्यांभोवती तळी खोदून, टेकड्या रचून बागा घडवल्या गेल्या. १८६८ नंतर सरदारी संपली, वाडे गेले आणि त्यांच्यासोबत बहुतेक बागाही गेल्या. ज्या थोड्या उरल्या आहेत, त्यांत त्या काळाची अभिरुची आजही चालून अनुभवता येते.

माझी पहिली पसंती रिकुगिएन. कोमागोमे स्थानकापासून ती चालत काही मिनिटांवर आहे. पाचव्या शोगुनचे, म्हणजे तोकुगावा घराण्यातील लष्करी शासकाचे, विश्वासू यानागिसावा योशियासु यांनी सुमारे सात वर्षे खपून १७०२ मध्ये ती पूर्ण केली. ‘वाका’ या जपानी काव्यप्रकारात वर्णिलेली ८८ स्थळे त्यांनी तळ्याभोवती रचली होती. म्हणजे ही बाग मुळात कविता वाचलेल्या पाहुण्यांसाठीच होती. कविता ठाऊक नसली तरी रचनेचे मर्म पायांना कळते. वाट वळते तसे तळे झाडांआड जाते आणि पुढच्या वळणावर निराळेच रूप घेऊन समोर येते; संपूर्ण बाग एका जागेवरून दिसू द्यायचीच नाही, हा त्यामागचा विचार आहे. म्हणून प्रवेशद्वारापाशी छायाचित्रे काढून परतू नये, तळ्याला पूर्ण फेरी घालावी. तुमच्या दिवसांत मेपलची पाने लाल झालेली असतील. फुजिशिरो-तोगे या टेकडीवरून दृश्य सुंदर दिसते. मात्र चढ आहे, तेव्हा सासूबाईंना खाली तळ्याकाठी बसवून एकेकाने वर जाऊन यावे.

दुसरी हामारिक्यू. टोकियो उपसागराला लागून असलेल्या या बागेतील तळ्यात समुद्राचे पाणी येते. भरती-ओहोटीनुसार झडपांतून ते आत घेतात किंवा बाहेर सोडतात, त्यामुळे तळ्याची पातळी दिवसभर बदलत राहते आणि त्यात खाऱ्या पाण्यातले मासे दिसतात. मधल्या बेटावरील चहागृहात माचा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा चहा, आणि सोबत गोड पदार्थ मिळतो. बागेच्या कडेला शिओदोमे या भागाच्या उंच काचेच्या इमारती आहेत. त्यांनी दृश्य बिघडते असे काहींना वाटते. मला ते खरे टोकियो वाटते. वाटा बहुतांशी सपाट असल्याने ज्येष्ठांना ही बाग सोयीची आहे.

कोइशिकावा कोराकुएन याहून जुनी आहे. तिचे काम १६२९ मध्ये सुरू झाले आणि तिच्यातील अर्धवर्तुळाकार दगडी पूल पाण्यातील प्रतिबिंबासह पौर्णिमेच्या चंद्रासारखा दिसतो. परंतु दगडी वाटा खडबडीत असल्याने ती तुमच्या यादीत दुसऱ्या क्रमांकाखाली ठेवतो.

या तिन्ही बागांचे तिकीट ३०० येन असून ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांना निम्मे लागते. वयाच्या पुराव्यासाठी पासपोर्ट जवळ ठेवावा. शिंजुकु ग्योएनला ५०० येन पडतात आणि ती सहसा सोमवारी बंद असते. सुमारे ५८ हेक्टरांच्या त्या बागेत मोकळी हिरवळ आणि पाश्चात्त्य धर्तीचे भागही आहेत. दुपार निवांत घालवायची असेल तर तिथे जावे. एका दिवसात दोनांहून अधिक बागा घेऊ नयेत. तिसऱ्या बागेत डोळे थकलेले असतात आणि सर्व तळी सारखीच वाटू लागतात.

प्रश्न : मेइजी मंदिराभोवतीचे जंगल नैसर्गिक आहे का?

उत्तर : नाही, ते माणसांनी लावलेले आहे. मंदिर १९२० मध्ये उभे राहिले, त्या वेळी देशभरातून सुमारे एक लाख झाडे लोकांनी भेट म्हणून पाठवली. पंतप्रधान ओकुमा शिगेनोबु यांना इसे आणि निक्को येथील मंदिरांभोवती आहे तशी भव्य देवदारांची राई हवी होती. वनशास्त्रज्ञ होंदा सेइरोकु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र शहराच्या धुरात सुगी, म्हणजे जपानी देवदार, तग धरणार नाही हे पटवून दिले आणि ओक, कापूर अशा रुंद पानांच्या सदाहरित झाडांवर भर दिला. हे वृक्ष स्वतःच्या बियांतून पुढची पिढी वाढवतील आणि शतकाहून अधिक काळानंतर जंगल आपले आपण टिकेल, अशी त्यांची आखणी होती. आज सुमारे ७० हेक्टरांवर ते उभे आहे आणि प्रवेश विनामूल्य आहे. हाराजुकु स्थानकाकडून सकाळी लवकर गेलात तर वाटेवरची पाने लांब झाडूने लोटणारे सेवक दिसतील. ती पाने टाकून दिली जात नाहीत. झाडांच्या मुळाशी परत नेऊन पसरली जातात.