रोज सकाळी दुखणारं पोट आणि आवाज बसलेली आई

प्रिय ‘आवाज बसलेली आई’,

हे टोपणनाव तूच घेतलंयस. वाचून आधी हसू आलं, पुढचं पत्र वाचल्यावर ते ओसरलं. तू मला ताई म्हटलंस, तेव्हा मीही सरळ अगं-तुगं करते.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. शाळा सुरू होऊन तीन आठवडे झालेत. थोरली तेरा वर्षांची आहे, आठवीत गेली आणि तिच्या शाळेची वेळ यंदा तासभर अलीकडे आली. धाकटा सहा वर्षांचा. आतापर्यंत अर्धा दिवस जायचा, पहिलीत गेल्यापासून पूर्ण दिवस शाळा. सुट्टीत दोघंही मध्यरात्रीपर्यंत जागी असायची. आता लेकीला उठवताना घर डोक्यावर घ्यावं लागतं, आणि मुलाचं पोट रोज सकाळी दुखतं, रविवारी मात्र दुखत नाही. सासूबाई एकदा म्हणतात, ‘राहू दे की घरी आजचा दिवस’, आणि दुसऱ्या दिवशी त्याच म्हणतात, ‘नाटकं आहेत सगळी.’ नवऱ्याबद्दल तू एकच ओळ लिहिली आहेस: ‘हे करतात, पण सांगावं लागतं.’ मागच्या आठवड्यात गेटवर रडणाऱ्या मुलाची बोटं ओढणीतून सोडवून तू निघालीस आणि ऑफिसच्या बाथरूममध्ये दहा मिनिटं रडलीस. तुला विचारायचंय ते एवढंच, की सकाळ शांत कशी होईल.

सकाळीच काही करून ती शांत होईल असं मला वाटत नाही. पण आधी पोटदुखी, कारण ती थांबवून ठेवण्यासारखी गोष्ट नाही.

त्याचं पोट खरंच दुखतं, हे सासूबाईंनाही सांग. आतड्यांमध्ये मज्जातंतूंचं स्वतःचं मोठं जाळं असतं आणि त्याची मेंदूशी सतत देवाणघेवाण चालू असते. भीती वाटली की मुरडा येतो, मळमळतं. मुलाखतीच्या दिवशी मोठी माणसं तीन-तीनदा बाथरूमला जाऊन येतात, त्यांना कुणी नाटकी म्हणत नाही. तरी एकदा डॉक्टरांना दाखव. दुखण्यामुळे तो रात्री झोपेतून उठत असेल, वजन उतरत असेल, पुन्हा पुन्हा उलट्या किंवा ताप येत असेल, शौचातून रक्त जात असेल, तर या कशाचीही वाट न बघता आजच.

आणि एक गोष्ट त्याला एकट्याला गाठून विचार. आजी समोर नको, ताईही नको. शाळेत शी-शूला जातोस का, हे विचार. पूर्ण दिवसाच्या शाळेत गेलेल्या मुलांच्या पोटदुखीमागे पुष्कळदा हेच निघतं. आतून कडी लागत नाही, लादी ओली असते, मोठी मुलं बाहेरून दार वाजवतात, किंवा सगळ्या वर्गासमोर हात वर करून बाईंना विचारावं लागतं. मग मूल दिवसभर दाबून धरतं, पाणी पीत नाही, बाटली जशीच्या तशी परत येते. काही दिवसांत शौचाला कडक होतं, करताना दुखतं, म्हणून ते आणखी दाबतं. बद्धकोष्ठता हे मुलांच्या पोटदुखीचं अगदी नेहमीचं कारण आहे, आणि ‘दोन दिवसांतून एकदा तर जातो की’ या वाक्याखाली ते घराघरात लपलेलं असतं. त्याची बाटली किती रिकामी होऊन येते ते आठवडाभर बघ, तुला अंदाज येईल. असं असेल तर उपाय सोपा आहे. सकाळी त्याला पंधरा मिनिटं आधी उठव. खाल्ल्यावर आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून नाश्ता झाला की लगेच पाच-दहा मिनिटं बसू दे, घाई न करता, आणि कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल दे. बाईंना भेटून एवढंच सांग, की हा न विचारता, नुसता हात दाखवून उठला तरी जाऊ द्या. हे ऐकून कुठल्याही बाईंना राग येणार नाही.

ते नसेल आणि नुसती धास्ती असेल, तर घरी ठेवू नकोस. तू दोनदा ठेवलंस असं लिहिलंयस, त्याबद्दल मनाला लावून घेऊ नकोस, पण तिसऱ्यांदा नको. घरी राहिलं की त्या दिवशी सुटका होते आणि दुसऱ्या दिवशीचं गेट आणखी मोठं दिसायला लागतं. खरंच बरं नसलं आणि ठेवावंच लागलं, तर तो दिवस कंटाळवाणा जाऊ दे: अंथरूण, पुस्तक, झोप. टीव्ही आणि आजीचा मोबाईल मिळाला की पोटदुखीला पगार सुरू झाला म्हणून समज.

गेटवरचा निरोप आखूड कर. ‘आई लवकर येईल हं, रडू नको हं’ असं लांबत गेलं की मुलाला वाटतं, आईलाही इथं काहीतरी धोक्याचं दिसतंय. रोज तेच एक वाक्य, तीच एक टाळी, आणि पाठ फिरवून चालू पडायचं. कोण घ्यायला येणार आणि कशाच्या नंतर, हे सांग: ‘डबा खाऊन झाला, खेळाचा तास झाला की आजी दारात असेल.’ सहा वर्षांच्या मुलाला साडेतीन वाजणं कळत नाही, खेळाचा तास कळतो. बाईंना विचार, तू गेल्यावर तो किती वेळ रडतो. बरीच मुलं आईची पाठ दिसेनाशी झाली की काही मिनिटांत वर्गात रमतात, आणि आई मात्र दिवसभर त्या रडण्याचा आवाज कानात घेऊन फिरते. तो खरंच तासभर रडत असेल, किंवा आणखी दोन-तीन आठवड्यांनीही काहीच फरक नसेल, तर शाळेच्या समुपदेशकांशी बोल. नुसतं थांबून राहू नकोस.

आता थोरली. ती आळशी नाही. वयात येताना शरीरातलं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं, कधीकधी एक-दोन तास उशिरा. म्हणजे नऊ वाजता तिला अंथरुणावर ढकललंस तरी ती छताकडे बघत पडणार. आणि झोप तर हवीच. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये मुलांच्या झोपेबद्दल जे सांगितलं, त्यात १३ ते १८ वर्षांसाठी ८ ते १० तास आणि ६ ते १२ वर्षांसाठी ९ ते १२ तास आहेत. पावणेसहाला उठणारी तुझी लेक साडेअकराला झोपते. सव्वासहा तास होतात. ही मुलगी चिडचिडी आहे असं तू लिहिलंयस. एवढ्या झोपेवर मीही दारं आपटली असती.

साडेअकराचे एका रात्रीत पावणेदहा होत नाहीत. माणसाच्या शरीराचं घड्याळ बहुतेकांमध्ये चोवीस तासांपेक्षा जरासं लांब असतं, म्हणून ते पुढे ढकलणं सोपं आणि मागे आणणं कष्टाचं. सुट्टीत बिघडायला चार दिवस पुरतात ते यामुळेच. उठण्याची वेळ पक्की ठेव, रविवारीही तासाभरापेक्षा जास्त उशीर नको, आणि झोपण्याची वेळ दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं मागे घे. सात टप्पे, साधारण तीन आठवडे. उठल्याबरोबर पडदे उघड किंवा तिला बाल्कनीत उभी कर. घड्याळ मागे आणायला सकाळच्या उजेडासारखा दुसरा उपाय नाही. संध्याकाळनंतर चहा-कॉफी बंद. आणि रात्री सगळे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. सगळे म्हणजे तुझा आणि तुझ्या नवऱ्याचाही, नाहीतर तिने वाद घातला तर ती बरोबर ठरेल. ‘मला अलार्म लागतो’ असं कुणी म्हटलं तर साधं गजराचं घड्याळ आणा.

जाता जाता: अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने २०१४ मध्येच म्हटलंय, की या वयाच्या मुलांची शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरू नये. हे सांगून शाळा वेळ बदलेल असं मला वाटत नाही, पण पालकसभेत विषय काढायला काय हरकत आहे? तुझ्यासारख्या आणखी दहाजणी मान हलवतील.

ती घरी आल्या आल्या खोलीत जाते आणि ‘काय झालं शाळेत?’ला ‘काही नाही’ म्हणते. पहिला अर्धा तास तिला काहीच विचारू नकोस. दिवसभर नव्या वर्गात, नव्या बाकावर शहाण्यासारखं वागून आलेली असते ती, आणि सैल सोडायला तिला घर हीच जागा आहे. खायला पुढे ठेव आणि तू तुझं काम कर. नंतर समोरासमोर बसून चौकशी नको, शेजारी शेजारी काहीतरी करताना बोल, आणि प्रश्न लहान ठेव: बाजूला कोण बसतं, गणिताला यंदा कोण आहे, मधल्या सुट्टीत कुठे असता. मधल्या सुट्टीच्या प्रश्नावर ती गप्प झाली, वस्तू हरवून यायला लागल्या, जुन्या मैत्रिणींची नावं बोलण्यातून गेली, तर मात्र सोडू नकोस. ते झोपेचं नाही, वर्गात काहीतरी चाललंय. तिच्या बाईंशी बोल, पण तिला आधी सांगून. तिला नंतर कळलं तर पुढच्या वेळी ती तुला काहीच सांगणार नाही.

हे सगळं वाचून तू म्हणशील, ताई, तुम्ही तर मला आणखी कामं दिलीत. म्हणूनच तुझ्या नवऱ्याबद्दलची ती एक ओळ मला महत्त्वाची वाटते. तुझ्या पत्रात कामांची यादी मोठी आहे, आणि त्यातलं प्रत्येक काम दुसऱ्याने केलं तरी लक्षात ठेवणारी तूच आहेस. रात्री साडेदहाला ‘उद्या तपकिरी कव्हर घातलेली वही लागणारे’ हे तुलाच कळतं. मोजा धुतला का, डायरीवर सही झाली का, चित्रकलेच्या तासाला जुनं वर्तमानपत्र मागितलंय का. सकाळी तुझ्या तोंडून जो आरडाओरडा होतो तो या यादीचाच आवाज आहे.

तेव्हा नवऱ्याकडे मदत मागू नकोस, दोन खाती त्याच्या नावावर कर. पहिलं, शाळेचे व्हॉट्सॲप ग्रुप. दोन्ही. तो वाचेल, तो लक्षात ठेवेल, तो आणेल. तू ग्रुप म्यूट कर, आणि चोरून बघायचं नाही. दुसरं, धाकट्याला गेटपर्यंत सोडणं, निदान आठवड्यातले काही दिवस. पुष्कळ मुलं आईला जितकी चिकटतात तितकी बाबाला चिकटत नाहीत. करून तर बघ. हे बोलणं सकाळच्या गडबडीत करू नकोस. मुलं झोपल्यावर, शांतपणे, तक्रारीचा सूर न लावता सांग की आतापासून हे तुझं. तो विसरेल. कधीतरी पोरगं कव्हर नसलेली वही घेऊन जाईल आणि बोलणी खाऊन येईल. खाऊ दे. त्या दिवशी तू रात्री अकराला कव्हर घालत बसलीस तर खातं पुन्हा तुझ्या नावावर.

दप्तर, गणवेश, मोजे, बाटली आणि दोन्ही पायांचे बूट रात्रीच दाराशी. हे मुलांनी करायचं. थोरलीने स्वतःचं पूर्ण, धाकट्याने आजीबरोबर. सासूबाईंना ‘तुम्ही असं बोलू नका’ म्हणण्यापेक्षा हे काम त्यांना दे. दुपारी त्याला आणणं आणि रात्री दप्तर भरणं या दोन्ही गोष्टींमुळे त्यांनाही कळेल की त्याचं शाळेत काय चाललंय. ‘राहू दे की घरी’बद्दल मात्र त्यांच्याशी त्यांच्या मुलाने बोलावं. तू बोललीस की ते सासू-सुनेचं होतं.

आठवड्यात बसेल अशी आशा ठेवू नकोस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या सवयींवर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. एखादी गोष्ट आपोआप व्हायला लोकांना सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा त्यांचा अंदाज होता. ती सगळी मोठी माणसं होती, आणि स्वतःहून निवडलेली सवय लावत होती. तुझ्या घरातल्या दोघांनी तर काहीच निवडलेलं नाही. त्याच अभ्यासात हेही दिसलं, की मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. तेव्हा ज्या दिवशी ओरडशील, त्या दिवशी संध्याकाळी त्यांना सांग, ‘सकाळी मी फार ओरडले, ते माझं चुकलं’, आणि विषय संपव. ‘पण तूही उठत नव्हतीस’ हे पुढचं वाक्य गिळून टाक.

ताजा कलममध्ये तू विचारलंयस, की धाकटा नवं दप्तर घ्यायला तयार नाही, बालवाडीतलं जुनं, चेन तुटलेलं, तेच हवं म्हणतो, आणि सासूबाई म्हणतात लोक काय म्हणतील. वह्या मावतात ना? मग तेच नेऊ दे. चेन तेवढी बदलून आण.

तुझी,
ताई