गोळीचं टरफल आणि उपाशी पोट

ताई, आधी जिवाला लागलेला घोर काढून टाका. बाबांच्या शौचात मेटफॉर्मिन एसआरची (मधुमेहाचं, हळूहळू सुटणारं औषध) 'अख्खी गोळी' दिसली, मग ती विरघळतच नाही का, आणि दांडिया बाजारात सोनोग्राफी केली तर ते कळेल का, असं तुम्ही विचारलंत. मी बडोद्यातच औषधनिर्मितीत, फॉर्म्युलेशन खात्यात, म्हणजे औषधाची गोळी कशी घडवायची ते ठरवणाऱ्या खात्यात, २६ वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्हाला दिसलं ते बहुतेक नुसतं टरफल. एसआर गोळीत औषध एका फुगणाऱ्या, डिंकासारख्या पदार्थात कोंडलेलं असतं. पाणी आत शिरतं, औषध हळूहळू झिरपून बाहेर पडतं आणि फुगलेला सांगाडा कधी कधी न मोडता तसाच खाली उतरतो. दाबला तर लिबलिबीत लागेल. (दाबून बघा म्हणत नाही, आमच्या खात्यातल्या लोकांना कसलीच किळस उरत नाही.)

सोनोग्राफीचे पैसे वाचवा. साध्या एक्स-रेतही अशी गोळी धड दिसत नाही. दिसावी म्हणून प्रयोगात तिच्यात बेरियम सल्फेट घालतात, पण ते पाण्याच्या साधारण साडेचारपट जड. काही गोळ्या जठरात तरंगाव्यात म्हणून बनवतात, तशी गोळी त्या वजनानंच बुडायची. म्हणजे परीक्षा भलत्याच गोळीची झाली!

म्हणून गॅमा कॅमेरा, म्हणजे शरीरातून बाहेर येणारे किरण टिपणारा कॅमेरा. गोळीत टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सर्गी द्रव्य खूण म्हणून अगदी किंचित घालतात. त्याचं अर्धायुष्य ६ तासांचं, म्हणजे दर ६ तासांनी ते निम्मं होतं, त्यामुळे दिवसभर माग काढता येतो आणि मग ते आपोआप विझत जातं. चित्र पुढून आणि पाठीमागून, दोन्हीकडून घेतात, कारण जठरात गोळी पुढे-मागे सरकते आणि एकाच बाजूनं मोजलेला आकडा फसवतो. ही खूण विरघळणाऱ्या रूपात घातली असेल तर पडद्यावर टाचणीएवढा ठिपका हळूहळू पसरत जातो. गोळी कुठे आणि केव्हा उलगडली, ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

अशा चित्रांतून सगळ्यात ठळक दिसतं ते जेवणाचं राज्य. उपाशीपोटी जठरात दर दीड-दोन तासांनी एक जोरदार लाट येते आणि उरलंसुरलं पुढे लोटते, कामवाल्या बाईंच्या केरासारखं. गोळी या लाटेच्या फेरीच्या तोंडावर गिळली तर काही मिनिटांतच जठराबाहेर. पोटात जेवण असलं की ही फेरी बंद. बारीक दाणे जेवणाबरोबर निघून जातात, पण मोठी, फुगलेली गोळी जेवण संपेपर्यंत, कित्येक तास, जठरातच थांबते.

आता मेटफॉर्मिन शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागात. गोळी वर थांबून थोडं थोडं औषध सोडत राहिली, तरच ते कामी येतं. म्हणूनच ही गोळी सहसा रात्रीच्या जेवणाबरोबर देतात. तुमचे बाबा मात्र ती पहाटे उपाशीपोटी घेऊन कमाटीबागेत फिरायला जातात, असं तुम्हीच लिहिलंय. टरफलापेक्षा मला हेच जास्त खटकलं.

तेव्हा चिठ्ठीवर वेळ काय लिहिली आहे ती बघा आणि शेवटचा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटा. वेळ बदलायची का, ते तेच ठरवतील. तोवर गोळी परस्पर बंद करू नका, तोडून किंवा कुटून तर मुळीच देऊ नका. सगळं औषध एकदम सुटेल. आणि त्यांनी 'जेवणाबरोबर' सांगितलं तर ताटावर बसूनच घ्यायला लावा. चहा आणि दोन खारींना जठर फार वेळ जेवण मानत नाही.