मोठा उद्योगसमूह मोडला तर भागधारकांचा फायदा टिकतो का?

तुमचा प्रश्न असा, की अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक म्हणजे जीईसारखा अवाढव्य समूह मोडून वेगळ्या कंपन्या केल्या तर भागधारकाचं कायमचं भलं होतं, की शेअर नुसता चार दिवस उसळतो? माझ्या मते नुसत्या वाटणीने पैसा तयार होत नाही. वाटणीआधी कर्ज किती फेडलं आणि नंतर प्रत्येकाने आपली रोकड कुठे लावली, यावर सगळं ठरतं.

जीईने विभाजन जाहीर केलं नोव्हेंबर 2021 मध्ये, पण खरं काम तीन वर्षं आधी सुरू झालं होतं. ऑक्टोबर 2018 मध्ये लॅरी कल्प प्रमुख झाले. त्यानंतर बायोफार्मा (औषधनिर्मितीला लागणाऱ्या सामग्रीचा) व्यवसाय 21.4 अब्ज डॉलरला डॅनहर या कंपनीला विकला, विमानं भाड्याने देणारा व्यवसाय एअरकॅप या कंपनीला दिला आणि कर्ज उतरवलं. ते आधी केलं नसतं तर हा बोजा कोणाच्या गळ्यात बांधायचा, इथेच गाडी अडली असती. जानेवारी 2018 मध्ये वृद्धांच्या शुश्रूषेच्या जुन्या विम्यासाठी सात वर्षांत 15 अब्ज डॉलर भरावे लागतील, असं कंपनीला सांगावं लागलं होतं. म्हणजे विमानांची इंजिनं कमावणार आणि विमा खाणार. ते विम्याचं दायित्व आजही विमानांची इंजिनं बनवणाऱ्या मूळ कंपनीकडे, म्हणजे जीई एअरोस्पेसकडेच आहे, विभाजनाने ते नाहीसं झालं नाही.

तुमचा हिशोब असा मांडा. 2021 मध्ये आठ शेअरांचा एक झाला, म्हणजे समजा तुमच्याकडे जुने 96 शेअर होते, तर त्यांचे 12 उरले; तेच आज जीई एअरोस्पेसचे. जानेवारी 2023 मध्ये तिनास एक या दराने वैद्यकीय उपकरणांच्या जीई हेल्थकेअरचे 4 मिळाले, एप्रिल 2024 मध्ये चारास एक या दराने वीजनिर्मितीची यंत्रं बनवणाऱ्या जीई व्हर्नोव्हाचे 3. तिन्हींची बेरीज करा. एकाच शेअरचा आलेख बघून काढलेला निष्कर्ष हमखास चुकतो.

बेरीज चांगली आली तरी सगळं श्रेय विभाजनाचं नाही. गॅस टर्बाइनची मागणी डेटा सेंटरमुळे वाढली, ती एरवीही वाढलीच असती. फरक इतकाच, की आता ती कमाई व्हर्नोव्हाच्याच ताळेबंदात राहते. हेल्थकेअर मात्र डोक्यावर कर्ज घेऊनच बाहेर पडली आणि बाकी दोघींच्या मागे राहिली. जर्मनीच्या सीमेन्स समूहातून सीमेन्स एनर्जी ही ऊर्जा कंपनी 2020 मध्ये वेगळी झाली, पण 2023 मध्ये पवनचक्क्यांची पाती आणि बेअरिंग सदोष निघाली, तेव्हा जर्मन सरकारला 7.5 अब्ज युरोंची हमी द्यावी लागली. दोष यंत्रात असेल तर तो नव्या कंपनीसोबतच जातो.

म्हणून विभाजनाचा दस्तऐवज हातात आला की आधी कर्ज आणि निवृत्तिवेतनाचा भार कोणाकडे गेला ते वाचा. मग सामाईक सेवा बघा: संगणक यंत्रणा, पगारपत्रक, कायदा विभाग. वाटणीत विहीर सामाईक राहावी तशा या सेवा काही काळ जुनी कंपनीच करारावर पुरवते. करार संपला की नव्या कंपनीला सगळं स्वतः उभं करावं लागतं आणि जुन्या मुख्यालयाचा खर्च मात्र लगेच आटत नाही. पहिल्या काही आठवड्यांत नवा शेअर पडला तरी घाबरू नका. तो ज्यांच्या निर्देशांकात बसत नाही असे फंड भाव न बघता विकतात. त्यापेक्षा पुढच्या आठ तिमाहींत कामकाजातून येणारी रोकड वाढतेय का, तेवढं लिहून ठेवत जा.